धुराडे कोण साफ करणार?



भाताची कापणी-मळणी आटोपत आली आहे. थंडी पडू लागली आहे आणि पहाटे मिस्साला निघावे तर प्रत्येक वाड्यावर कौलांतून धूर निघताना दिसतो. गॅस आला तरी चूल गेलेली नाही, ही आपल्या बेळगाव-खानापूर भागातली खरी स्थिती आहे. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिच्यामुळे पुष्कळ गरीब घरांत पहिल्यांदा सिलिंडर आला. हे चांगलेच झाले. पण त्या सिलिंडरवर चहा होतो, मुलांचा डबा होतो, पाहुण्याचे जेवण होते. अंघोळीचे पाणी, भाकरी, उकड्या तांदळाचे भात उकडणे, जनावरांचे आंबोण, डुकरांचे खाणे हे सगळे आजही लाकडावरच होते. ज्याच्या बांधाला झाडे आहेत, तो शेतकरी पाणी तापवण्यासाठी विकतचा गॅस जाळणार नाही. त्याला दोष देता येत नाही.

तेव्हा "चूल सोडा" एवढा उपदेश करून मी थांबणार नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी रोजचा स्वयंपाक गॅसवर न्यावा. परंतु जी चूल घरात राहणार आहे, ती धुराड्याची असावी. आणि त्या धुराड्याची, तसेच वाळलेल्या सरपणाची जबाबदारी घरातल्या पुरुषांनी घ्यावी. ही दुसरी गोष्ट काहींना जड वाटेल. म्हणूनच ती मला लिहायची आहे.

धूर म्हणजे काय?

धूर म्हणजे न जळलेले जळण. लाकूड तापले की त्यातून वायू सुटतात. पुरेशी हवा आणि पुरेशी धग मिळाली तर ते पेटतात आणि त्यांची उष्णता भांड्याला लागते. हवा कमी पडली, लाकूड ओले असले, तर तेच वायू आणि बारीक कण धूर होऊन घरभर पसरतात. तीन दगडांच्या किंवा जुन्या मातीच्या चुलीत लाकडातल्या शंभर भाग उष्णतेपैकी जेमतेम दहा-पंधरा भाग भांड्याला पोचतात. म्हणजे डोक्यावरून आणलेल्या मोळीतला मोठा भाग आपण वाया घालवतो, आणि त्यातला काही भाग श्वासातून छातीत घेतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२१ साली जगात सुमारे २९ लाख लोक मरण पावले. त्यांत पाच वर्षांखालील ३ लाखांहून अधिक मुले होती. मुलांना न्यूमोनिया होतो. मोठ्यांना दम लागतो, श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर उतरतो. आपल्या गावात अशी कितीतरी आजी आहे, जिने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, पण जिची छाती विडी ओढणाऱ्यासारखी वाजते. तिला आपण "वय झाले" म्हणतो. वय झाले हे खरे. पण त्या वयातली चाळीस-पन्नास वर्षे ती रोज दोन-तीन तास चुलीसमोर फुंकणी घेऊन बसली होती, हे कोणी बोलत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या रक्षणावर 'लाऊदातो सी' हे परिपत्रक काढले. त्याच्या विसाव्या परिच्छेदात स्वयंपाकासाठी आणि ऊब घेण्यासाठी जाळलेल्या जळणाच्या धुराने माणसे आजारी पडतात, असा स्पष्ट उल्लेख आहे. कारखान्यांची धुराडी सगळ्यांना दिसतात. पोपसाहेबांनी आपल्या स्वयंपाकघराचाही विचार केला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नवी कल्पना नव्हे

धुराड्याची चूल ही आजची गोष्ट नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ होता. त्याचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी पाहिले. ते ख्रिस्ती होते, परदेशात शिकलेले होते, आणि गांधीजींबरोबर खेड्याच्या अर्थव्यवस्थेसाठी आयुष्यभर झटले. तिथे १९४० च्या दशकात 'मगन चूल' पुढे आली. हैदराबादला डॉ. एस. पी. राजू यांनी तिथल्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ साली त्यावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. ती मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने छापली होती. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली 'अस्त्र' हे खेड्यांसाठी काम करणारे केंद्र निघाले. त्या केंद्राची तीन भांड्यांची 'अस्त्र ओले' कर्नाटकात पुष्कळ घरांत बसवली गेली. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली सुधारित चुलींवर बरेच काम झाले.

सरकारनेही १९८० च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम काढला. तो २००२ पर्यंत चालला आणि देशभर तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. आज त्यांतल्या किती पेटतात? आपल्याच गावात पाहा. एखाद्या जुन्या घरात भिंतीतून वर गेलेला नळ दिसतो, खाली चूल नसते. कुठे चूल असते, तिचा मागचा वैल फोडून मोठा केलेला असतो. कुठे नळात चिमण्यांनी घरटे केलेले असते.

याचे कारण शोधताना ओडिशातला एक अभ्यास उपयोगी पडतो. तिथे सुमारे २६०० घरांच्या पाहणीत धुराड्याच्या चुली देऊन काही वर्षे त्यांचे निरीक्षण केले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला, दुसऱ्या वर्षापासून तो फरक नाहीसा झाला. कारण लोकांनी चुली नियमित वापरल्या नाहीत आणि त्यांची देखभालही केली नाही.

मला यात फार मोठा धडा दिसतो. चूल देणारा येऊन गेला, फोटो निघाला, आणि देखभाल मात्र तिच्यावर पडली जिच्या हातात आधीच पाणी, दळण, मुले, जनावरे आणि शेतातली भांगलण होती. कौलावर चढून नळ साफ करणे, ओंडके फोडून बारीक करणे ही कामे तिच्या रोजच्या कामात बसत नाहीत. पुरुष म्हणतो, चूल बायकांची. बाई म्हणते, मी कौलावर कशी चढू? मध्ये धुराडे तुंबते.

तीन कामे

धुराड्याची चूल नीट चालायला तीन कामे लागतात. तिन्ही अंगमेहनतीची आहेत आणि तिन्ही शेतकऱ्याला येतात.

पहिले काम सरपणाचे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असते. असे दहा किलो लाकूड चुलीत घातले तर त्या आगीला आधी पाच लिटर पाण्याची वाफ करावी लागते. त्यात उष्णता जाते. पण त्याहून मोठे नुकसान असे, की आगीची धग चढत नाही आणि लाकूड नुसते धुमसते. म्हणून सरपण पौष-माघात तोडावे. मनगटाएवढे जाड होईल असे चिरावे. दगडांवर किंवा आडव्या वाशांवर, जमिनीपासून वीतभर उंच, वारा खेळेल असे रचावे. होळीपासून वळिवापर्यंतचे ऊन त्याला मिळाले तर मृग नक्षत्राआधी, म्हणजे ७ जूनच्या आत, ते पडवीत किंवा माळ्यावर नेता येते. बाभळीसारखे जड लाकूड एक उन्हाळा नव्हे, वर्षभर वाळले तर उत्तम. वाळलेले लाकूड ओळखणे सोपे आहे. टोकाला भेगा पडतात, साल सुटते, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो. ओले लाकूड बद्द वाजते.

ज्यांना सरपणासाठी दूर जावे लागते, त्यांनी बांधावर गिरिपुष्प लावावे. त्याच्या फांद्या तोडल्या तरी पुन्हा फुटतात, त्या हाताजोग्या जाडीच्या मिळतात, आणि पाला भातखाचरात हिरवळीचे खत होतो. कण्हेर, बिब्बा, रंग दिलेले जुने लाकूड आणि प्लॅस्टिक चुलीत कधीही घालू नये. काजूच्या टरफलांत जहाल तेल असते. त्यांचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. ती घरातल्या चुलीसाठी नाहीत. आग पेटवायला दुधाची पिशवी वापरण्याची सवय तर आजच सोडा. वाळलेली झावळी आणि बारीक काटक्या पुरतात.

दुसरे काम धुराड्याचे. नळ चार इंच व्यासाचा तरी असावा, कौलाच्या वर किमान दोन फूट जावा, वर पाऊस न येईल अशी टोपी असावी. लाकडी वाशाला तो चिकटू देऊ नये. मध्ये अंतर ठेवून मातीने किंवा पत्र्याने आड करावे. ओले लाकूड जाळले की नळात डांबरासारखा चिकट थर बसतो. तो वाढला तर धूर उलटा घरात येतो, आणि कधी तो थरच पेट घेतो. म्हणून महिन्यातून एकदा चूल पूर्ण थंड असताना नळ साफ करावा. लांब दोरीला काथ्याचा घट्ट बोळा बांधून वरून खाली दोन-तीनदा ओढला की काजळी खाली पडते. तोंडाला फडके बांधावे आणि काजळी लहान मुलांपासून दूर पुरावी. नळ मोकळा आहे की नाही हे पाहायला चुलीच्या तोंडाशी पेटती वात धरावी. ज्योत आत ओढली गेली तर धुराडे चालते. बाहेर झुकली तर तुंबले आहे. जुन्या घरांत अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा नळ असेल तर तो करवतीने कापू किंवा घासू नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. नवा नळ भाजलेल्या मातीचा घेता येईल. खानापुरात मातीकाम जाणणारी मंडळी आहेत. त्यांनाही काम मिळेल.

तिसरे काम चुलीचेच. आतली लोखंडी जाळी राखेने भरू देऊ नये, कारण हवा खालून येते. रोज सकाळी राख काढावी. भेगा दिसल्या की त्याच दिवशी लिंपाव्यात. मागच्या वैलावर भांडे नसेल तेव्हा त्यावर झाकण ठेवावे. नाहीतर धूर नळाकडे न जाता तिथूनच वर येतो. भांडी मोठी आहेत म्हणून वैल फोडू नये. चूल बांधतानाच गवंड्यापुढे आपली भांडी ठेवावी आणि त्यांच्या मापाने वैल करून घ्यावा. हे मोजमाप द्यायला स्वयंपाक करणारी बाई समोर हवी. घरधन्याने परस्पर ठरवलेली चूल बहुधा अडगळीत जाते.

बाळंतिणीची खोली

थंडीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट मला काळजीत टाकते. आपल्याकडे बाळंतिणीला शेक देतात, खाटेखाली शेगडी ठेवतात, वारा लागू नये म्हणून खिडक्यांना पोती लावतात. यामागची माया मी जाणतो. पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने त्याला धरून ठेवते. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक, असा समज आहे. तो चुकीचा आहे. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे पुन्हा उठली नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. डोके दुखणे, मळमळ, सुस्ती ही पहिली लक्षणे आहेत. ती दिसताच माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

नवजात बाळाला ऊब हवीच. ती आईच्या उघड्या छातीशी धरून, वरून गोधडी पांघरून, डोक्याला टोपडे घालून सर्वांत चांगली मिळते. खोली उबदार हवी असेल तर धुराड्याच्या चुलीच्या भिंतीला लागून असलेली खोली द्या. भिंत तापते, धूर कौलावरून निघून जातो. शेगडी मात्र खोलीच्या बाहेर ठेवा आणि एक खिडकी थोडी उघडी राहू द्या.

लोक काय म्हणतात?

काही जाणती माणसे सांगतात, की धुरामुळे कौलाखालचे बांबू टिकतात, भुंगा लागत नाही, आणि चुलीवर टांगलेली मक्याची कणसे व दोडक्या-काकडीचे बी किडत नाही. यात तथ्य आहे. आपल्या पूर्वजांनी हे अनुभवाने शोधले होते. पण बियाण्यासाठी दुसरा मार्ग आहे. ते कडक उन्हात वाळवून, चाळलेल्या राखेत मिसळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. बांबू वापरण्यापूर्वी काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला तर त्यातले पिठूळ सत्त्व निघून जाते आणि भुंगा कमी लागतो. बांबू वाचवायला माणसाची छाती खर्ची घालण्याची गरज उरलेली नाही.

दुसरे म्हणतात, भाकरी अशा चुलीवर फुगत नाही. चुलीच्या तोंडाशी निखारे ओढायला जागा ठेवली तर फुगते. जागा ठेवायला गवंड्याला सांगावे लागते, इतकेच.

तिसरे म्हणणे असे, की चांगली चूल असली तरी धूर गॅसइतका कमी होत नाही. हे खरे आहे आणि मी ते लपवत नाही. ज्या घरात दम्याचा रोगी, गरोदर बाई किंवा तान्हे मूल आहे, तिथे रोजचा स्वयंपाक गॅसवरच करावा आणि लाकडाची चूल न्हाणीकडे किंवा मागच्या पडवीत न्यावी. सिलिंडर भरायला पैसे काढताना घरातल्या खर्चाची यादी एकदा प्रामाणिकपणे पाहावी. तंबाखू आणि दारूला जे मिळते, ते गॅसला का मिळू नये?

प्रभूने पेटवलेली आग

योहानच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू तिबेरियाच्या किनाऱ्यावर शिष्यांची वाट पाहतो. ते रात्रभर जाळी टाकून थकून येतात, तेव्हा काठावर निखारे पेटलेले असतात, त्यांवर मासळी असते, भाकर असते. ती आग प्रभूने स्वतः तयार केली होती. मरणावर विजय मिळवून आलेल्या प्रभूला थकलेल्या माणसांसाठी विस्तव पेटवणे कमीपणाचे वाटले नाही. मग आपल्यापैकी कुणा पुरुषाला चुलीची राख काढण्यात किंवा धुराड्यात दोरी सोडण्यात लाज का वाटावी? विवाहाच्या वेळी सुखदुःखात, आजारात आणि आरोग्यात साथ देण्याचे वचन आपण वेदीसमोर देतो. पत्नीच्या छातीत रोज जाणारा धूर थांबवणे हे त्या वचनात येते.

आगमनकाळ जवळ आला आहे. आपण घराला रंग काढू, चांदणी टांगू, गोठा बांधू. त्याच आठवड्यात प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषाने आपले धुराडे साफ करावे. ज्या घरी म्हातारी एकटी राहते, विधवा राहते, तिथे युवकांनी शिडी घेऊन जावे. त्यासाठी कुणी बोलावण्याची वाट पाहू नये. ज्यांच्याकडे धुराडे नाही त्यांनी या हंगामाच्या भाताच्या पैशातून नळ आणि जाळीचा खर्च बाजूला ठेवावा. मिस्सानंतर चार-पाच घरांनी मिळून एकच गवंडी ठरवला तर काम स्वस्तात आणि नीट होईल.

नाताळच्या आठवड्यात मी घरांना आशीर्वाद द्यायला येणार आहे. पाणी शिंपडताना या वेळी मी स्वयंपाकघरात आणि न्हाणीतही येईन, आणि वात पेटवून चुलीच्या तोंडाशी धरीन. तुमच्या घरच्या बायका तेव्हा शेजारी उभ्या असतील. धुराडे कुणी साफ केले, हे त्यांनाच विचारीन.

तुमचा,
धर्मगुरू